कॅराव्हॅनमधली विजेची शेकोटी कंपनीने परत मागवली आहे का, हे कसे तपासावे

कोकणच्या किनाऱ्यावर शेकोटी कशाला हवी, असे कोणीही विचारील, आणि तारकर्लीत ऐन डिसेंबरातही पंखा लावून झोपणाऱ्यांची संख्या पाहता ते चुकीचेही नाही. परंतु कॅराव्हॅन किनाऱ्यावर मुक्काम ठोकून राहत नाही. तीच गाडी दुसऱ्या रात्री आंबोलीच्या धुक्यात उभी असते, किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाते, आणि मग दुकानदार ज्याला ‘इलेक्ट्रिक फायरप्लेस’ म्हणतात ते भिंतीत बसवलेले उपकरण सुरू होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्यांपैकी काहींत परदेशातून आणलेली किंवा जुन्या गाडीतून काढलेली शेकोटी बसवलेली असू शकते. उत्पादनात दोष आढळल्यावर ते परत मागवण्याची, म्हणजे रिकॉलची, सूचना निघते. मात्र अशा हात बदललेल्या उपकरणाच्या मालकापर्यंत ती आपणहून पोहोचेल या भरवशावर राहू नये.

पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही, की गाडीला एक ओळख असते आणि शेकोटीला दुसरी. गाडीचा चासी क्रमांक तपासून निश्चिंत होणे ही या बाबतीतली नेहमीची चूक आहे. गाड्यांमध्ये राहण्याची पद्धत जिथे मुरलेली आहे त्या अमेरिकेत वाहनांच्या रिकॉलवर राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्था, म्हणजे एनएचटीएसए, देखरेख ठेवते. तिच्या मोहिमेच्या क्रमांकात वर्षानंतर ‘व्ही’ हे अक्षर असेल तर रिकॉल वाहनाचा असतो आणि ‘ई’ असेल तर उपकरणाचा. गाडीच्या १७ अक्षर-अंकी क्रमांकावरून केलेल्या शोधात वाहनाचा रिकॉल दिसतो. उपकरणाचा शोध त्याच्या कंपनीच्या आणि मॉडेलच्या नावाने वेगळा घ्यावा लागतो. घराच्या दिवाणखान्यासाठी विकलेली शेकोटी कोणी गाडीत बसवली असेल, तर ती तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या, यादीत शोधावी.

शोधासाठी उपकरणावरची माहितीची पट्टी लागते, आणि ती हमखास अडचणीच्या जागी असते. प्रथम एमसीबी, म्हणजे पुरवठा तोडणारा खटका, पाडावा, प्लग काढावा आणि उपकरण पूर्ण थंड होऊ द्यावे. पट्टी बहुधा पाठीमागे, तळाशी किंवा गरम हवा बाहेर पडते त्या झरोक्याजवळ असते. भिंतीत घट्ट बसवलेल्या शेकोटीमागे हात जात नसेल, तर फटीतून मोबाइल आत सरकवून फ्लॅश लावून छायाचित्र घ्यावे. खाऱ्या हवेने पट्टीवर गंजाचा थर आला असेल तर तो कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. तांब्याच्या भांड्यासारखी ती चिंचेने किंवा आमसुलाने घासायला जाऊ नये, कारण डाग राहतो आणि अक्षरे जातात. कंपनी, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, व्होल्ट आणि वॅट, हे सर्व जसेच्या तसे उतरवून घ्यावे. रिकॉल पुष्कळदा ठरावीक काळात तयार झालेल्या नगांपुरताच असल्याने एखादा अंक चुकला तरी निष्कर्ष उलटा होतो.

पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल, तर रिकॉलचा शोध नंतर घ्यावा. आधी ते उपकरण आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याला कधीही जोडले जाणार नाही अशी व्यवस्था करावी. तापणाऱ्या तारेचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, तोच राहतो आणि शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १,५०० वॅटची अमेरिकी शेकोटी आपल्याकडे सुरुवातीलाच सुमारे ५,५०० वॅट खेचू लागेल. त्यापुढे काय होईल हे सांगायला वायरमनची गरज नाही.

भारतात जुळवलेल्या गाडीच्या बाबतीत वाट निराळी आहे. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या संकेतस्थळावर कंपन्यांनी स्वेच्छेने केलेल्या रिकॉलची माहिती मिळते, आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तथापि हे वाहनाबद्दल झाले. गाडी घेतल्यावर कुडाळच्या किंवा रत्नागिरीच्या कारागिराकडून शेकोटी बसवून घेतली असेल, तर ती ग्राहकोपयोगी वस्तू म्हणून पाहावी लागते, आणि धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. उपकरणावर आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घालून पाहावा. चिन्ह खरे की खोटे हे तिथेच कळते.

आपला नग यादीत सापडला, तर सूचना शेवटपर्यंत वाचावी. दोष कुठे आहे, वायरच्या जोडणीत, पंख्यात की तापमान रोखणाऱ्या खटक्यात, आणि कंपनी काय देणार आहे, दुरुस्ती, बदली की पैसे, हे त्यात लिहिलेले असते. ‘वापर थांबवा, प्लग काढा’ असे लिहिले असेल तर नुसत्या ज्योतीसाठीही शेकोटी लावू नये. ही ज्योत म्हणजे बहुधा एलईडीचा प्रकाश असतो आणि तिला उष्णतेच्या मानाने नगण्य वीज लागते, म्हणून पाहुण्यांना बरे वाटावे यासाठी ती चालू ठेवण्याचा मोह होतो. पण खटका जरासा बाजूला सरकला की तापणारी तारही सुरू होते आणि खटके दाबून पाहण्याची हौस मुलांना असतेच. प्लग काढून त्याच्या पिनांवर चिकटपट्टी गुंडाळावी आणि त्यावर कारण लिहावे. ओळखीच्या वायरमनकडून ‘तात्पुरती’ जोडणी करून घेऊ नये, कारण उघडलेल्या नगावर बदली नाकारली जाण्याचा धोका असतो आणि मूळ दोषाचा पुरावाही जातो.

त्यानंतर विक्रेत्याला आणि कंपनीला पट्टीच्या छायाचित्रासह लेखी कळवावे. परदेशी कंपनीने इथे सेवा नाही असे सांगितले, तरी प्रकरण तिथे संपत नाही: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘उत्पादन विक्रेता’ या व्याख्येत आयात करणाराही येतो. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

नग यादीत नसेल, तर त्याचा अर्थ एवढाच की कंपनीचा दोष नोंदला गेलेला नाही. खारे वारे कंपनीला विचारून येत नाहीत. समुद्राजवळ उभ्या असलेल्या गाडीत प्लगच्या पिनांवर आणि सॉकेटमधल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट-काळी पुटे चढतात आणि सांध्याचा रोध वाढतो. २३० व्होल्टवर १,५०० वॅटची शेकोटी सुमारे साडेसहा अँपिअर घेते. सांध्यात अर्धा ओहम रोध आला तरी तिथे एकवीस वॅट उष्णता एका टिचभर जागेत साचते. शिवाय ६ अँपिअरचे सॉकेट १,३८० वॅटच्या पुढे पुरत नाही, म्हणून निवास-न्याहारीच्या ओसरीवरून एक्स्टेंशन बोर्ड ओढून शेकोटी लावू नये. १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेटच मागावे. पहिल्या वापरात दहा मिनिटांनी शेकोटी बंद करून, प्लग काढून, त्याचे अंग हाताच्या पाठीने चाचपावे. चटका बसला किंवा पिनेजवळ तपकिरी डाग दिसला तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावीत. प्लगचे काही प्रकारचे प्लास्टिक तापले की मासळीसारखा वास येतो. मालवणात किंवा हर्णैत तो वास कोणाच्याही नाकाला खटकणार नाही, म्हणून बंद गाडीत रात्री तसा वास आला, तर बांगड्यावर खापर फोडण्याआधी प्लग पाहावा.

शोध दर पावसाळ्यानंतर, गाडी पुन्हा रस्त्यावर काढताना, नव्याने घ्यावा, कारण रिकॉल विक्रीनंतर काही वर्षांनीही निघतो. उतरवून घेतलेली माहिती आणि शोध घेतल्याची तारीख गाडीच्या आरसीसोबत ठेवावी, आणि गाडी विकताना तो कागद नव्या मालकाच्या हाती द्यावा.