पेशंट लिफ्ट घरी आणलीत? आधी झोळीकडे बघा, आणि या चुका टाळा

"लिफ्ट बिघडलीय, लवकर या," असा फोन आला म्हणून मी बेळगावच्या शहापुरातल्या एका विणकराच्या घरी गेले. माजघरात पलंग, शेजारी चार दिवसांपूर्वी भाड्यानं आणलेली पेशंट लिफ्ट (चाकांवरचा खांब, त्याला वर-खाली होणारा हात आणि हाताला टांगलेली कापडी झोळी; तिच्यात बसवून रुग्णाला उचलायचं) आणि पलंगावर अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडलेल्या आज्जी. मुलगा सांगत होता, "उचललं की आई एका बाजूला कलंडायलीय. मशीनच वाकडं हाय." मी झोळीचे चारही लूप, म्हणजे हुकात अडकवायचे पट्ट्यांचे फास, एकेक करून हातात घेतले. डाव्या खांद्याला हिरवा लूप अडकवलेला, उजव्या खांद्याला निळा; रंग वेगळा म्हणजे लांबी वेगळी. मशीन ठणठणीत होतं. दोन्ही खांद्यांना एकाच रंगाचे लूप लावले आणि आज्जी सरळ वर आल्या. वर आल्यावर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "भ्या वाटायलंय गं, पर बरं हाय."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बेळगाव शहर, येळ्ळूर, वडगाव, खानापूरची गावं, कधी थेट निपाणीपर्यंत घरोघरी जाते. लिफ्टच्या बाबतीत मला दिसलेल्या बहुतेक चुका बटण दाबण्याआधीच झालेल्या असतात. काही झोळीत, काही खोलीत, काही घाईत.

त्याआधी एक गोष्ट सांगते. "घरात दोन दणकट पोरं आहेत, उचलतील की" म्हणून आणलेली लिफ्ट कोपऱ्यात ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचे संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्णाला हातांनी उचलण्याची मर्यादा सांगितली ती ३५ पौंडांची, म्हणजे साधारण १६ किलोंची. तीसुद्धा सगळं अनुकूल असताना. साठ किलोंच्या माणसाला काखेत हात घालून दोघांनी उचललं तरी ही मर्यादा कुठल्या कुठे ओलांडली जाते. शिवाय लुळ्या बाजूचा खांदा काखेतून ओढला की सांधा निखळू शकतो. पोरांची कंबर आणि आज्जींचा खांदा, दोन्ही एकाच वेळी जातं.

झोळीच्या चुका

लिफ्ट उचलते खरी, पण माणूस बसलेला असतो झोळीत. दुकानदार मशीन दाखवतो, किती किलो उचलतं ते सांगतो आणि झोळी पिशवीतून काढून वर ठेवून देतो. तिचं माप कुणी विचारत नाही. मोठी झोळी लावली तर अंग आकसून रुग्ण मांड्यांच्या मधून खाली घसरतो. लहान लावली तर मांड्यांना काचते आणि माणूस पुढे झुकतो. माप नुसत्या वजनावरून ठरत नाही. झोळीची खालची कड माकडहाडापाशी आली पाहिजे आणि वरची कड खांद्यांच्या वर. मान सावरत नसेल तर डोक्याला आधार असलेलीच झोळी लागते. वजनाचंही बघा: मशीनवर १५० किलो लिहिलेलं असेल आणि झोळीवर १२०, तर तुमची मर्यादा १२०.

"न्हाणीची झोळी" म्हणून एक प्रकार मिळतो, मागे मोठा उघडा भाग असलेला. कपडे सोडवायला सोपा पडतो म्हणून लोक तोच रोजच्या उचलण्यासाठी घेतात. ज्याला स्वतःचं धड सावरता येत नाही त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे. अशा माणसाला पूर्ण पाठ झाकणारीच झोळी हवी.

वडगाव-खासबागच्या घरांत कापड आणि शिलाई यांचं ज्ञान उपजत असतं. त्यामुळे "असली झोळी आम्ही घरीच शिवतो" असं मी दोन-तीनदा ऐकलंय. त्या हातांबद्दल मला आदर आहे, तरी सांगते की हे करू नका. लूपच्या पट्ट्यावर येणारा ताण साध्या धाग्याच्या टिपेला पेलत नाही. जुन्या झोळीची उसवलेली टीप घरी पुन्हा मारणं हीसुद्धा तीच चूक. उसवलेली, कुरतडलेली, लूप विटून कडक झालेला किंवा लेबल वाचता येईनासं झालेली झोळी थेट बाद करायची.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लागला की कपडा चार-चार दिवस वाळत नाही, मग झोळी चुलीवरच्या दांडीवर टाकली जाते. ती बहुधा पॉलिएस्टरची असते. उष्णतेनं तिचे धागे अशक्त होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ब्लीचनंही तसंच होतं. उपाय एकच, दोन झोळ्या ठेवा. एक वाळत असताना दुसरी वापरता येते, आणि ओल्या कपड्यानं कंबरेखालची कातडी सोलवटण्याचा धोकाही टळतो.

झोळी घालताना रुग्णाला ओढून तिच्यावर घेऊ नका. एका कुशीवर वळवा, अर्धी झोळी गुंडाळून पाठीशी सरकवा, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उलगडा. मांडीखालच्या पट्ट्या सपाट हव्यात, एकही चुणी नको. पट्ट्या मांड्यांखालून आत घेऊन एकमेकींतून ओलांडून अडकवल्या की पाय फाकत नाहीत आणि माणूस घसरत नाही. लूपच्या लांबीचा हिशेबही सोपा आहे. खांद्याला आखूड लूप घेतला तर रुग्ण जास्त ताठ बसतो, लांब घेतला तर रेलतो. दोन्ही बाजूंचा रंग मात्र एकच.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या वेळी मीच चुकले. लूप अडकवत असताना फोन वाजला, एका हातानं तो घेतला आणि मांडीकडचा एक लूप हुकाच्या तोंडाशीच राहिला. मला एक सवय होती, तिनं वाचवलं. पलंगापासून दोन इंच उचललं की थांबायचं आणि चारही लूप बोटानं चाचपायचे. त्या दोन इंचांत लूप सुटला, आई गादीवरच बसकन आली. तिच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं, पण पुढचे आठ दिवस ती लिफ्टला हात लावू देईना. तेव्हापासून उचलताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. दोन इंचांवर थांबून चारही लूप चाचपणं ही या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल.

चाकं लॉक करायची की नाही?

यावर घरोघरी वाद होतो. "ब्रेक लावला की सेफ" असं वाटणं साहजिक आहे. पण जमिनीवर चालणाऱ्या बहुतेक लिफ्टच्या पुस्तिकेत उलटं लिहिलेलं असतं: उचलताना आणि उतरवताना लिफ्टची चाकं मोकळी ठेवा. लिफ्टचा हात वर जाताना कमानीत जातो. वजन आलं की मशीनला थोडं सरकून रुग्णाच्या बरोबर खाली यावं लागतं. चाकं जाम असली तर एकतर रुग्ण फरफटतो नाहीतर लिफ्ट कलते. लॉक करायचं ते पलंगाला आणि व्हीलचेअरला. आपल्या मशीनची पुस्तिका मात्र एकदा बघाच, कारण उभं राहायला मदत करणाऱ्या लिफ्टचे नियम वेगळे असू शकतात.

लिफ्टचे पाय, म्हणजे खालचे चाकं लावलेले दोन दांडे, मिटून ठेवणं ही सगळ्यांत घातक चूक. जागा कमी म्हणून पाय जवळ आणले जातात आणि तसंच वळवलं जातं. रुग्ण वर असताना पाय पूर्ण फाकलेलेच हवेत. पलंगाखाली शिरताना मिटावे लागले तर बाहेर आल्या आल्या आधी पाय उघडा, मगच वळवा.

ढकलताना हँडल धरा. लिफ्टचा हात किंवा रुग्णाचे गुडघे धरून ढकललं की झोका बसतो. रुग्णाला जितकं खाली ठेवता येईल तितकं खाली ठेवून न्या, तोंड खांबाकडे. आणि तो आडवा दांडा, ज्याला लूप अडकतात, त्यावर सतत एक हात असू द्या. खुर्चीत उतरवून लूप सुटले की तो हलका होऊन झुलतो आणि कपाळावर किंवा नाकावर आदळतो. जखमा मी बघितल्यात.

घर आपलं जुनं आहे, मशीन नवं

आपल्याकडच्या कित्येक घरांत खोलीला खोली लागून, मध्ये उंबरठे. शहाबादी फरशीच्या सांध्यांतही चाक अडकतं. लिफ्ट आहे ती एका जागेवरून शेजारच्या जागेवर न्यायला: पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. माणूस टांगलेला असताना उंबरठा ओलांडणं म्हणजे मुद्दाम धक्का देणं. न्हाणी दोन पायऱ्या खाली असेल तर रुग्णाला तिकडे नेण्याचा हट्ट सोडा, कमोड खुर्ची पलंगाजवळ आणा. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची मात्र अजिबात नको. वजन एका कडेला पडलं की ती उलटते.

पलंग हा दुसरा अडथळा. आत सामान ठेवायच्या पेटीच्या दिवाणाखाली लिफ्टचे पाय शिरतच नाहीत. पलंगाखाली साडेचार-पाच इंच तरी मोकळी जागा लागते. भाड्याचे पैसे देण्याआधी टेप घेऊन मोजा. खानापूरकडच्या काही घरांत सारवलेली जमीन असते, तिथे चाकं रुततात. अशा घरात लिफ्ट वापरायची तर ती फरशीच्या खोलीतच, म्हणजे आधी पलंग तिकडे हलवायचा.

चाकांमध्ये केस, धागे, सुतळी गुंततात. विणकराच्या घरी तर विचारूच नका. आठवड्यातून एकदा चाकं उलटी करून साफ करा.

कोण बोलणार, कोणत्या भाषेत?

सांभाळायला येणारी मावशी बऱ्याचदा कन्नड बोलणारी असते, रुग्ण मराठी बोलतो, रिमोटवर इंग्रजी असतं. दोघं मिळून उचलताना एक "थांबा" म्हणतो आणि दुसरीला ते उशिरा कळतं. आधी ठरवा: मोजणारा एकच. तो "एक, दोन, तीन" म्हणेल किंवा "ओंदु, एरडु, मूरु", पण रोज तेच. "सावकाश" हा शब्द आपल्या भागात दोन्ही भाषांत चालतो, तो मनमोकळा वापरा. थांबवण्यासाठीही एकच शब्द पक्का करून घ्या. आणि प्रत्येक हालचाल आधी रुग्णाला सांगा, तो बोलू शकत नसला तरी. "आज्जी, आता वर घेतोय हं," एवढं ऐकलं की अंग आकसत नाही.

माणसाकडे बघा

लघवीची नळी असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहील आणि नळीवर ताण येणार नाही असं बघा. उचलताना ती पलंगाच्या दांडीला तशीच राहिली तर काय होतं ते सांगायला नको. नाकातली नळी, सलाइन, ऑक्सिजन, सगळं आधी हातात घ्या. जेवल्यावर लगेच उचलू नका. बरेच दिवस आडव्या असलेल्या माणसाला आधी पलंगाचं डोकं वर करून थोडं बसवा, चक्कर येते का बघा. उभं करणारी लिफ्ट फक्त अशांसाठी, ज्यांना बसता येतं, निदान एका पायावर भार घेता येतो आणि सांगितलेलं कळतं. आणि काम झाल्यावर झोळी अंगाखाली तशीच सोडू नका. पुस्तिकेत किंवा डॉक्टरांनी ठेवायला सांगितलं नसेल तर तिची चुणी रात्रभर रुतून कातडीला जखम होते.

मशीन अडलं तर

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर आधी मशीन तातडीनं थांबवायचं लाल बटण बघा. ते आत दाबलेलं असेल तर वळवून बाहेर काढा. मग बॅटरी नीट बसलीय का, रिमोटचा प्लग सैल आहे का. बऱ्याच लिफ्ट चार्जर जोडलेला असताना चालत नाहीत. रुग्ण वर असताना बॅटरी संपली तर घाबरू नका, हातानं उतरवायची सोय असते. तिचा खटका कुठे आहे ते आजच रिकाम्या मशीनवर शोधून ठेवा. बॅटरी महिनोन्‌महिने न चार्ज करता ठेवली तर ती मरते.

हातानं पंप करायची लिफ्ट वर येत नसेल तर बहुधा झडप पूर्ण बंद झालेली नसते. रुग्ण वर असताना लिफ्ट आपोआप हळूहळू खाली येऊ लागली किंवा खांबाशी तेल दिसलं, तर त्या दिवशी वापर बंद. उद्यमबाग आणि मच्छेला हायड्रॉलिकची कामं करणारी माणसं आहेत, सील बदलणं त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण माणूस उचलणारं साधन आहे हे त्यांना आधी सांगा, कंपनीचेच भाग बसवा आणि नंतर माणूस बसवण्याआधी धान्याची पोती टांगून पंधरा मिनिटं वजन खाली येतं का बघा. लिफ्टच्या तडा गेलेल्या हाताला वेल्डिंग करून पुन्हा माणूस उचलणं, किंवा पोहोच वाढावी म्हणून हात लांब करून घेणं, हे दोन्ही प्रकार मी बघितलेत. लांबी वाढली की तेवढंच वजन मशीनला जास्त उलथवतं.

अशा लिफ्टसाठीचं आयएसओ १०५३५ हे आंतरराष्ट्रीय मानक वर्षातून किमान एकदा तपासणी करायला सांगतं. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार माणसं उचलणारी साधनं दर सहा महिन्यांनी तपासली जातात. भाड्यानं घेताना शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा आणि नट-बोल्ट स्वतः हलवून बघा.

इतकं करूनही कुणी खाली घसरलंच, तर ताबडतोब उचलायची घाई नको. डोकं आपटलंय का, खुब्याला दुखतंय का, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे आधी बघा. यातलं एकही असेल तर डोक्याखाली हात न घालता, अंगावर चादर टाकून १०८ ला फोन करा. काही नसेल आणि माणूस शुद्धीत नीट बोलत असेल, तर जमिनीपर्यंत उतरणाऱ्या लिफ्टनं, दोघांनी मिळून, तीच झोळी नव्यानं घालून उचला. याही वेळी दोन इंचांवर थांबा.