लहान स्टार्टअपमध्ये इश्यू ट्रॅकर बसवताना या चुका टाळा

सहा-सात जणांच्या टीमने इश्यू ट्रॅकर, म्हणजे बग आणि कामे ‘तिकीट’ म्हणून नोंदवून त्यांचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर, बसवायचे ठरवले की पहिला वाद निवडीवरून होतो: जिरा घ्यावे, रेडमाइन स्वतःच्या सर्व्हरवर चालवावे, की कोड जिथे आहे त्या गिटहबचेच इश्यूज वापरावेत? खरे तर एवढ्या टीमचे काम तिन्हींपैकी कशावरही भागते. जिराची क्लाउड आवृत्ती १० वापरकर्त्यांपर्यंत मोफत आहे आणि रेडमाइन मुक्तस्रोत आहे. घोळ होतो तो दुसरीकडे. तिकीट केव्हा ‘झाले’ म्हणायचे आणि नवे तिकीट आले की ते आधी कोणी पाहायचे, हे दोन निर्णय न घेताच मंडळी सेटिंग्ज उघडून बसतात आणि पुढे सॉफ्टवेअरच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी या राहून गेलेल्या निर्णयांच्याच असतात.

गरजेपेक्षा जास्त स्टेटस

मोठ्या कंपनीतून आलेला सहकारी तिथला वर्कफ्लो, म्हणजे तिकिटाने एकेका टप्प्यातून (स्टेटसमधून) पुढे जाण्याची मांडणी, जसाच्या तसा मांडतो आणि बोर्डावर त्या टप्प्यांचे आठ-नऊ रकाने उभे राहतात. टेस्टिंग करणारी व्यक्ती एकच असेल आणि ग्राहकांचे फोनही तीच घेत असेल, तर ‘रेडी फॉर क्यूए’, ‘इन क्यूए’ आणि ‘क्यूए पास’ हे तीन रकाने वेगळे ठेवून काहीच साधत नाही. उलट कंटाळून लोक आठवडाभराची तिकिटे शुक्रवारी संध्याकाळी एकगठ्ठा पुढे ओढतात आणि बोर्डावरून कोण कशावर अडले आहे हे कळेनासे होते. ‘करायचे’, ‘चालू’, ‘तपासणीत’ आणि ‘झाले’ एवढ्यावर सुरुवात करावी. काम एका व्यक्तीच्या हातून दुसऱ्या व्यक्तीच्या हाती जात असेल तरच नवे स्टेटस वाढवावे. सक्तीच्या फील्डचेही तेच: भरल्याशिवाय तिकीट बनतच नाही असे फील्ड असले की लोक त्यात टिंब टाकून मोकळे होतात.

काम झाले, तरी तिकीट उघडेच

जिरात सर्वांत जास्त गोंधळ ‘रिझॉल्यूशन’ (तिकीट कसे निकाली निघाले याची नोंद) या फील्डमुळे होतो. कंपनी-मॅनेज्ड (ॲडमिनने मध्यवर्ती सेटिंग्जमधून चालवलेल्या) प्रोजेक्टमध्ये स्टेटस आणि रिझॉल्यूशन या दोन स्वतंत्र गोष्टी असून, वर्कफ्लो हाताने बदलताना ‘डन’कडे नेणाऱ्या ट्रान्झिशनवर (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जाण्याच्या पायरीवर) रिझॉल्यूशन भरण्याची सोय करायची राहिली, तर तिकीट बोर्डाच्या शेवटच्या रकान्यात दिसते, मात्र ‘अनरिझॉल्व्हड’ फिल्टरमधून ते हटत नाही आणि किती तिकिटे आली, किती सुटली हे दाखवणारे आलेख चुकतात. त्या ट्रान्झिशनवर रिझॉल्यूशन आपोआप भरणारे पोस्ट फंक्शन (ट्रान्झिशन होताच चालणारी क्रिया) लावावे आणि तिकीट पुन्हा उघडणाऱ्या ट्रान्झिशनवर ते पुसणारेही लावावे. दुसरा भाग हमखास विसरला जातो.

याच्या नेमकी उलट अडचण म्हणजे नवेकोरे तिकीटच सुटलेले दिसणे. रिझॉल्यूशन फील्ड कोणीतरी ‘क्रिएट’ किंवा ‘एडिट’च्या स्क्रीनवर जोडले की असे होते, म्हणून ते तिथून काढून टाकावे. काही उत्साही ॲडमिन यावर उपाय म्हणून ‘अनरिझॉल्व्हड’ नावाचेच एक नवे रिझॉल्यूशन तयार करतात. जिरा त्याचे नाव वाचत नाही, फील्ड भरले आहे की रिकामे एवढेच पाहते. परिणामी ‘अनरिझॉल्व्हड’ असे लिहिलेले प्रत्येक तिकीट ते सुटलेले धरते.

गिटहबवर वेगळाच प्रकार होतो. पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल मिसळून घेण्याच्या विनंतीच्या) वर्णनात ‘फिक्सेस’ लिहून इश्यूचा, म्हणजे गिटहबवरच्या तिकिटाचा, क्रमांक दिला, तर ती डीफॉल्ट ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) मर्ज होताच, म्हणजे मिसळली जाताच, इश्यू आपोआप बंद होतो. दुसऱ्या ब्रँचमध्ये मर्ज केल्यास होत नाही. टीम आधी ‘डेव्हलप’ ब्रँचमध्ये मर्ज करत असेल आणि डीफॉल्ट ‘मेन’ असेल, तर इश्यू बंद का होत नाही याचे उत्तर इथेच आहे. मर्ज आणि डिप्लॉय (बदल ग्राहकांपर्यंत पोहोचवणे) यांत दोन-तीन दिवस जात असतील, तर इश्यू बंद दिसला म्हणून सपोर्टने ग्राहकाला ‘दुरुस्त झाले’ असे कळवू नये.

‘माझ्याकडे तर दिसते’

रेडमाइनमध्ये वर्कफ्लो हा रोल (सदस्याची भूमिका) आणि ट्रॅकर (इथे त्याचा अर्थ तिकिटाचा प्रकार, उदा. बग) यांच्या जोडीवर ठरतो. नवा रोल बनवताना जुन्या रोलचा वर्कफ्लो कॉपी केला नाही, तर त्या सदस्यांना स्टेटस बदलताच येत नाही. ॲडमिनला मात्र सर्व रोलचे पर्याय मिळत असल्याने त्याच्या खात्यातून दोष दिसतच नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर साध्या सदस्याच्या खात्याने लॉगिन करून पाहावे.

तिकीट न लिहिण्याची सवय

बग व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवला जातो, तिथेच कोणीतरी ‘बघतो’ म्हणतो आणि ट्रॅकर रिकामा राहतो. ग्रुपवरच्या संदेशाचे तिकीट कोणी बनवायचे, यासाठी आठवड्यागणिक एक व्यक्ती नेमावी. ‘पेमेंट चालत नाही’ या तिकिटावर डेव्हलपरला काहीच करता येत नाही. ‘ॲन्ड्रॉइड १४, ॲप २.३.१, यूपीआयने पैसे भरून ॲपमध्ये परत आल्यावर ऑर्डर पेंडिंगच राहते, वायफायवर असे होत नाही’ एवढे लिहिले तर पुढची दहा प्रश्नोत्तरे वाचतात.

स्वतःच्या सर्व्हरवरच्या दोन अडचणी

सूचनांचे ईमेल जात नसतील तर आधी पोर्ट (मेल बाहेर जाण्याचा क्रमांकित मार्ग) पाहावे. अनेक क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचे पोर्ट मुळातच बंद ठेवतात, तिथे ५८७ वापरावे. मायएसक्यूएल या डेटाबेसवर मराठी मजकूर नीट साठतो पण इमोजी टाकताच एरर येते, असे झाल्यास डेटाबेसचे कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) जुने ‘यूटीएफ८’ आहे असे समजावे: त्यात अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात, देवनागरीला तेवढे पुरतात, बहुतेक इमोजींना ४ लागतात. ते ‘यूटीएफ८एमबी४’ करावे, मात्र त्याआधी बॅकअप घ्यावा, आणि रेडमाइनचा बॅकअप घेताना डेटाबेससोबत ‘फाइल्स’ फोल्डरही घ्यावे, कारण तिकिटांना जोडलेले स्क्रीनशॉट तिथेच असतात.