कारण न सापडणारी पाठीच्या वरच्या भागातील वेदना: दिवस कसा आखावा

दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यांमागच्या पसरट हाडांच्या, मधोमध तीन महिन्यांहून अधिक काळ ठणका राहतो, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक निघतात आणि डॉक्टर ‘काही नाही’ असे सांगतात, तेव्हा दिलासा वाटण्याऐवजी आपले दुखणे कोणी खरेच मानत नाही, अशी रुखरुख मनाला लागते. ‘काही नाही’ याचा अर्थ गंभीर इजा किंवा आजार आढळला नाही, एवढाच घ्यावा. या भागातल्या बारा मणक्यांना बरगड्या जिथे जुळतात ते लहान सांधे आणि फऱ्यांना धरून ठेवणारे स्नायू दुखत असले, तरी चित्रात बहुधा काहीच उमटत नाही. शिवाय वेदना फार दिवस राहिली की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि साध्या ताणानेही कळ येऊ लागते. ही वेदना पूर्णपणे खरी असते.

मात्र कारण नाही असे मानण्याआधी काही गोष्टींची खात्री करून घ्यावीच. ताप, विनाकारण घटणारे वजन, आडवे झाल्यावरही न थांबणारी रात्रीची वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा उतारवयात साध्या पडण्यानंतर सुरू झालेले दुखणे यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि तो पाठीच्या याच मणक्यांत पुष्कळदा होतो. पायांतले बळ कमी होणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठीतल्या कळेसोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उजव्या फऱ्याखालची, जेवणानंतर उठणारी कळ पित्ताशयातील खड्यांची असू शकते, तर एकाच बाजूला पट्ट्यासारखी होणारी आग पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीची नागीण असू शकते.

यातले काही नसेल, तर सर्वांत उपयोगी साधन म्हणजे वही आणि घड्याळ. दोन आठवडे रोज कोणते काम किती मिनिटे केले आणि त्यानंतर पाठ कशी राहिली, हे लिहावे. आपल्यापैकी बहुतेक जण बरे वाटले की साचलेली सगळी कामे उरकतात आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळतात. मीही कित्येक महिने हेच केले. वहीत पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की आठव्या-नवव्या पोळीपाशी डाव्या फऱ्याखाली कळ सुरू होते, कारण ओटा उंच असल्याने लाटताना खांदे कानांकडे चढत होते. आता पायाखाली लाकडी पाट घेते आणि सहा पोळ्या झाल्या की कळ येण्याची वाट न पाहता गॅस बंद करून दोन मिनिटे हात मोकळे करते. वेदना तिसाव्या मिनिटाला येत असेल, तर विसाव्या मिनिटाला उठावे, ही मर्यादा दोन आठवडे पाळावी आणि मग थोडी थोडी वाढवावी.

संगणकावरही हेच लागू होते. ताठ बसण्याचा अट्टहास करून पाठ सुधारत नाही. कोणत्याही एकाच स्थितीत फार वेळ राहणे टाळावे.

व्यायामासाठी जाड टॉवेलची गुंडाळी फऱ्यांच्या खालच्या टोकाशी आडवी ठेवून त्यावर उताणे झोपावे, हातांनी मानेला आधार द्यावा आणि पाच-सहा संथ श्वास घ्यावेत. हाडे ठिसूळ झाली असतील, तर हा प्रकार डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये. त्यानंतर भिंतीला पाठ टेकवून हात हळूहळू वर सरकवावेत आणि दोन्ही फरे जवळ आणून पाच आकडे मोजावेत. दहा वेळा पुरे. दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करावी. व्यायामानंतरची सौम्य दुखरी जाणीव दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरत असेल तर घाबरू नये, पण ती त्याहून अधिक टिकली तर प्रमाण कमी करावे.

गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवल्याने आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने रोज घेऊ नयेत. त्यांतल्या पुष्कळशा गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडांना त्रास देतात व रक्तदाबही वाढवू शकतात. पाठ ‘बसवून’ देणाऱ्यांकडून मणक्याला झटके देऊन घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

वाईट दिवस अधूनमधून येतीलच. त्या दिवसासाठीची योजना चांगल्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी: व्यायाम निम्मा, पण शून्य नाही, चालणे अंगणापुरते, आणि पोळ्या कोणी लाटायच्या, हे घरात आधीच ठरलेले.