राखीव जागा रिकाम्या का राहतात? पदव्युत्तर आणि पीएचडी प्रवेशातल्या या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर विभागाच्या फलकावर आरक्षणाचा तक्ता नीट लावलेला असतो: अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती-भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, इतर मागासवर्ग १९, विशेष मागास प्रवर्ग २, शिवाय एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रत्येकी १०. तक्ता बरोबर असूनही शेवटच्या फेरीनंतर जागा उरतात, त्या खुल्या होतात आणि ‘उमेदवार मिळाले नाहीत’ असा शेरा पडतो. उमेदवार असतात. अर्ज भरल्यापासून पहिल्या तासाला बसेपर्यंतच्या वाटेत ते गळतात, आणि कुठे गळतात ते आधीच सांगता येतं. प्रवेश समितीतले प्राध्यापक, कार्यालयातले कर्मचारी आणि गावातल्या मुलामुलींचे अर्ज भरून देणारे, या सगळ्यांनी ती ठिकाणं बघून ठेवायला हवीत.

कागदांची आठवण निकालानंतर होणे

सगळ्यात जास्त गळती इथे होते. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतं, पण एमबीए, एमई, एम.फार्म.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. ते जिल्हा पडताळणी समिती (अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती) देते आणि पंधरा दिवसांत हातात पडत नाही. समितीला जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ ची नक्कल, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. ज्यांच्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांना हे शोधायलाच दोन महिने लागतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात वर्गात जाऊन विचारा, ‘व्हॅलिडिटी कुणाची राहिली आहे?’ वडिलांची, सख्ख्या भावंडांची किंवा चुलत्यांची वैधता झालेली असेल तर तिची प्रत प्रस्तावाला जोडा, काम हलकं होतं. एकदा मिळालेलं वैधता प्रमाणपत्र पुन्हा काढावं लागत नाही.

नॉन-क्रिमिलेअरचं (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राचं) उलट आहे. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. कुणी हौसेने फेब्रुवारीत काढून ठेवतो आणि जुलैत अर्ज त्रुटीत जातो. मुदतीचं वर्ष वाचा, आणि नवं काढायचं असेल तर १ एप्रिलनंतर काढा. केंद्रीय विद्यापीठ किंवा आयआयटीसाठी राज्याचा नमुना चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं आणि जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघावं लागतं. राज्याच्या एसईबीसी प्रवर्गाला तिथे आरक्षण नाही. असा विद्यार्थी अटी पूर्ण करत असेल तर ईडब्ल्यूएसचं केंद्रीय प्रमाणपत्र काढू शकतो.

मदतकक्षावर बसणाऱ्यांनी तीन गोष्टी पाठच कराव्यात. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. नॉन-क्रिमिलेअरची आठ लाखांची मर्यादा मोजताना पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे सरकारी सेवेतल्या गट-क कर्मचाऱ्याच्या मुलीला ‘वडिलांचा पगार जास्त आहे’ म्हणून परत पाठवणं चूक आहे. शिष्यवृत्तीसाठीचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र वेगळा, त्यात सगळं उत्पन्न धरतात.

तिसरी गोष्ट लग्न झालेल्या मुलींची. जात जन्माने ठरते, म्हणून माहेरच्या नावाचं जात प्रमाणपत्र चालतं, आणि क्रिमिलेअर तिच्या आई-वडिलांवरून ठरतो, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही. आधारवर सासरचं आडनाव आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रत जोडून घ्या. ‘नाव जुळत नाही’ एवढं सांगून तिला खिडकीवरून परत पाठवलं, की पाच वर्षांनी पुन्हा शिकायला निघालेली बाई बहुधा परत येत नाही.

‘आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’

हे वाक्य प्रवेश कक्षात उच्चारूच नये. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क घ्यायचं नाही, हे शासनाने महाविद्यालयांना वारंवार कळवलं आहे. मजुरी करणाऱ्या घराला यादी लागल्यापासून तीन दिवसांत चाळीस हजार रुपये उभे करता येत नाहीत. ते जागा सोडतात आणि कारणाच्या रकान्यात ‘अनुपस्थित’ लिहिलं जातं.

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची कौटुंबिक उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपचा (शुल्कमाफीचा) अर्ज भरायचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. संस्था स्तरावरच्या (महाविद्यालय स्वतः भरतं त्या) जागेवर प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही. मुलीने कोणत्या फेरीत जागा घ्यावी, हे यावर ठरू शकतं, म्हणून ते आधी सांगा.

महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) पैसे अडकतात त्याचं नेहमीचं कारण बँक. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, विद्यार्थ्याने पासबुक दिलेल्या खात्यात नाही. प्रवेशाच्या दिवशीच आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते मोबाइलवर तपासून घ्या. दुसरं कारण, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो हे कुणी सांगतच नाही. तिसरं कारण आपल्याच घरातलं: अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून राहतो. दर सोमवारी प्रलंबित अर्जांची यादी काढून निकाली काढा.

वसतिगृहाला नंबर लागला नाही म्हणून परत जाणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो. तोच भरायचा राहतो.

मूळ कागद अडकवून ठेवू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच त्याला मनाई केली आहे.

गुणवत्ता यादी लावताना

राखीव प्रवर्गातला विद्यार्थी स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत बसत असेल तर त्याची गणना खुल्या जागेत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या रितेश साह खटल्यात हे प्रवेशांबाबत स्पष्ट केलं आहे. तरी काही विभाग आधी प्रवर्गनिहाय याद्या पाडतात आणि मग जागा भरतात. यादीचा क्रम असा ठेवा: सर्व अर्जदारांची एकच गुणानुक्रम यादी, त्यातून खुल्या जागा, उरलेल्यांतून राखीव जागा. महिला आणि दिव्यांगांचं समांतर आरक्षण प्रत्येक प्रवर्गाच्या आत तपासा.

पीएचडी: जागा मार्गदर्शकाप्रमाणे मोजणे

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. समजा विभागात सात मार्गदर्शक आहेत आणि प्रत्येकाकडे एक जागा रिकामी आहे. आरक्षण मार्गदर्शकागणिक मोजलं तर एका जागेवर काहीच राखीव निघत नाही आणि सातही जागा खुल्या जातात. सातही जागा एकत्र करून बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारा क्रम) लावली तर चित्र वेगळं दिसतं. जाहिरातीत विषयाच्या एकूण जागा आणि त्यांची प्रवर्गवारी छापा.

पात्रतेचा, म्हणजे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्क्यांचा नियम सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांसाठी सारखाच घातला जातो, हीही नेहमीची चूक. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना पाच टक्के सूट आहे. अर्ज पहिल्याच पडद्यावर नाकारला गेला तर तक्रार करायलाही नोंद उरत नाही. अर्ज सुरू होण्याआधी ५१ टक्क्यांचा एक चाचणी अर्ज भरून बघा.

मुलाखतीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. लेखीला ७० टक्के, मुलाखतीला ३०. समजा एकीला लेखीत ७० पैकी ४९ आणि दुसऱ्याला ४२. मुलाखतीत तिला ३० पैकी ८ दिले आणि त्याला १८, की ५७ विरुद्ध ६०. सात गुणांची आघाडी वीस मिनिटांच्या बोलण्यात गेली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या (जेएनयू) नाफे समितीने २०१६ मध्ये लेखी आणि तोंडी गुणांच्या तफावतीत सामाजिक गटांनुसार भेद दिसतो, असं नोंदवून तोंडीचं वजन ३० वरून १५ वर आणण्याची शिफारस केली होती. वजन बदलणं विभागाच्या हातात नसलं तरी पद्धत आहे. प्रश्नाची समज, विषयाचं वाचन, पद्धतीची निवड यांना प्रत्येकी १० गुण ठरवा. सदस्यांनी चर्चेआधी आपापले गुण लिहून सही करावी. एकूण ३० पैकी १० च्या खाली गुण दिले तर कारण लिहावं. मराठीत उत्तर देण्याची मुभा पत्रातच कळवा, आणि ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न विचारू नका.

दिव्यांग विद्यार्थी

२०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. चूक होते ती परीक्षेच्या दिवशी. लेखनिक मिळण्यास पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, आणि ही वेळ पर्यवेक्षकाला लेखी कळवलेली असावी. माहितीपत्रक स्कॅन करून टाकलं तर दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते कोऱ्या पानासारखं असतं, म्हणून टंकलेली पीडीएफच चढवा. लिफ्ट नसेल तर मुलाखत तळमजल्यावर घ्या आणि ते बोलावण्याच्या पत्रात लिहा.

शेवटची फेरी

जागा खुली करण्याआधी यादीतल्या प्रत्येक राखीव उमेदवाराला दोन वेळा फोन आणि एक एसएमएस करा. न येण्याचं कारण विचारून वहीत लिहा: फी, कागद, राहण्याची सोय, दुसरीकडे प्रवेश. ही वही पुढच्या फेब्रुवारीत प्रवेश समितीच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवा.