गाईड निवडताना पब्लिकेशन रेकॉर्ड कसा बघायचा (मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांसाठी)

पीएचडीला लॅब शोधताय आणि कोणी म्हणालं "सरांचा एच-इंडेक्स ४० आहे, डोळे झाकून जा", तर तो आकडा (पेपर किती आणि त्यांना सायटेशन्स किती, म्हणजे इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, यावरून काढतात) सध्या बाजूला ठेवा, तो सगळ्यात शेवटी बघायचा असतो.

आधी हे पेपर त्याच माणसाचे आहेत का ते बघा. पबमेडवर (बायोमेडिकल पेपर शोधायची साइट) पाटील एस किंवा कुलकर्णी ए टाकलं की ढीगभर पेपर येतात, त्यात डेंटिस्टपासून सोयाबीनवाल्यांपर्यंत सगळे. २००२ च्या आधीच्या पेपरांना तिथे बहुतेक नुसतं आडनाव आणि इनिशियल असतं, त्यात लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडम असतील तर रेकॉर्ड दोन नावांत विभागलेला. ऑर्किड (ORCID) आयडी असेल (प्रत्येक संशोधकाचा वेगळा १६ अंकी नंबर असतो) तर तिथूनच सुरुवात करा, नसेल तर नावासोबत संस्थेचं नाव टाकून शोधा. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर डोळे मिटून विश्वास नको, तिथे पेपर आपोआप जोडले जातात आणि मालकाने साफसफाई केली नसेल तर भलत्याच कुणाचे पण त्यात दिसतात.

आता नावांचा क्रम. आपल्या फील्डमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. पहिलं नाव ज्याने बेंचवर राबून काम केलं त्याचं, शेवटचं नाव लॅबच्या हेडचं, करस्पाँडिंग ऑथर बहुतेक वेळा तोच. मधली नावं म्हणजे कोणी प्लाझमिड दिला, कोणी मास स्पेक करून दिलं, कोणी रुग्णांचे सॅम्पल दिले, वाईट काही नाही त्यात पण ते काम त्यांच्या डोक्यातून निघालेलं असेलच असं नाही. एखाद्याचं नाव मोठ्या जीनोम कन्सॉर्शियमच्या (बऱ्याच लॅबनी मिळून केलेल्या गटाच्या) पेपरात शेकडो नावांत कुठेतरी असेल तरी त्या पेपरची सगळीच्या सगळी सायटेशन्स त्याच्या खात्यात जमा होतात. म्हणून गेल्या पाच-सहा वर्षांतले शेवटचं नाव असलेले पेपर वेगळे काढा. तेवढेच त्या लॅबचे खरे पेपर समजा.

मग कुठल्या पेपरला सायटेशन्स आली ते उघडून बघा, हा भाग मजेशीर आहे. लौरीचा १९५१ चा प्रोटीन मोजायच्या पद्धतीचा पेपर ३ लाखांहून जास्त वेळा साइट झालाय, लेम्लीचा १९७० चा जेलवर प्रोटीन वेगळी करायचा पेपर पण वरच्या नंबरात, आणि वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएचा पेपर? २०१४ मध्ये नेचरने सगळ्यात जास्त साइट झालेल्या १०० पेपरांची यादी छापली त्यात तो नव्हताच. कारण साधं आहे, पद्धत वापरली की साइट करावीच लागते, डबल हेलिक्स मात्र पाठ्यपुस्तकात जाऊन बसलाय, त्याला कोण साइट करणार. रिव्ह्यू पेपर पण असेच भराभर सायटेशन्स गोळा करतात, पबमेडवर फिल्टर लावून ते बाजूला काढा आणि मग काय उरतं बघा.

उलटं पण होतं. कारिको आणि वाइसमन यांचा २००५ चा एमआरएनएवरचा पेपर सुरुवातीला फारसा कुणाच्या लक्षात आला नाही, आणि २०२३ ला त्याच कामाला नोबेल! त्यामुळे सायटेशन्स कमी दिसली की लगेच नाक मुरडू नका, दोन पेपर स्वतः वाचा, कंट्रोल नीट लावलेत का तेवढं तरी कळेल.

आता एच-इंडेक्स. २००५ मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने काढला. समजा सहा पेपरांना ९०, ४०, ७, ५, ३ आणि १ सायटेशन्स आहेत, तर चार पेपरांना किमान चार आहेत म्हणून एच ४. पहिल्याची ९० ची ९००० झाली तरी एच ४ च! शिवाय तो कमी होत नाही, काम थांबवलं तरी वाढत राहतो, त्यामुळे साठीचे सर आणि कालच लॅब उघडलेल्या मॅडम यांची तुलना करण्यात अर्थ नाही. स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा (सायटेशन्स मोजणारा दुसरा डेटाबेस) साधारण जास्तच येतो कारण तो थिसिस, प्रीप्रिंट सगळं मोजतो, म्हणून दोघांची तुलना करायचीच असेल तर एकाच ठिकाणचे आकडे घ्या. इम्पॅक्ट फॅक्टर (पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा) जर्नलचा असतो, माणसाचा नाही, एवढंच लक्षात ठेवा.

पबपिअरवर (छापून आलेल्या पेपरांवर लोक कमेंट करतात ती साइट) नाव नक्की टाका. एकच वेस्टर्न ब्लॉटचा (प्रोटीन दाखवणाऱ्या टेस्टचा) फोटो दोन वेगळ्या पेपरात फिरवून लावलेला असे प्रकार तिथे लोक पकडतात. एखादी कमेंट असली म्हणजे चोरीच असं नाही, पण त्यावर लॅबने काय उत्तर दिलंय ते वाचा. रिट्रॅक्शन असेल तर कारण वाचा, स्वतःहून चूक सांगून मागे घेतलेला पेपर वेगळा.

शेवटी शोधगंगावर (भारतातल्या पीएचडी थिसिसचा ऑनलाइन साठा) गाईडच्या नावाने थिसिस शोधा, त्या विद्यार्थ्यांची नावं घेऊन पबमेडवर बघा की त्यांचे पहिलं नाव असलेले पेपर निघाले का आणि थिसिस आधी की पेपर आधी. त्यातल्या एक-दोघांना गाठून बोला, आणि ते फोनवरच, मेलवर कोणी खरं लिहीत नाही.