गोचीड: फवारा गाईवर, तसाच गोठ्यावरही

कासेवर, कानाच्या मुळाशी, गळ्याच्या पोळीखाली आणि शेपटीच्या बुडाशी दिसतात त्या गोचिड्या थोड्याच. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगलेली मादी गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीखाली शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. त्यांतून निघालेली पिल्ले मोहरीहून बारीक. ती कित्येक महिने उपाशी तग धरतात. नुसत्या जनावरावर औषध मारणाऱ्याच्या गोठ्यात गोचीड परत येते ती यामुळेच.

सकाळी धार काढून, जनावरांना पोटभर पाणी पाजून बाहेर सावलीत बांधा. तहानलेले जनावर औषधाचे पाणी चाटते. गोठ्यातले शेण, उरलेला चारा, लाकडांचा ढीग हलवा. भेगेत तार फिरवा. चकचकीत तपकिरी अंड्यांचा पुंजका निघाला की तो बाहेर नेऊन जाळा. मग भिंती, खुंटे, गव्हाणीचा तळ यांवर डेल्टामेथ्रिन हे गोचीड मारणारे औषध लेबलवरच्या मात्रेने फवारा. भेगा त्यानंतर सिमेंटने बुजवा. ताज्या चुन्यावर मात्र डेल्टामेथ्रिन मारू नका. चुना अल्कधर्मी असतो, त्यात हे औषध विघटते आणि पैसे वाया जातात.

जनावरासाठी 1.25 टक्के डेल्टामेथ्रिन लिटरमागे 2 मिली. मोठ्या गाईला साधारण 3 लिटर द्रावण, म्हणजे 6 मिली औषध लागते. केसांच्या उलट दिशेने, कातडी ओली होईस्तोवर फवारा. डोळे, तोंड, जखमा सोडा. कानात फवारू नका, फडक्याने पुसून घ्या. अंग वाळेपर्यंत जनावरे एकमेकांना चाटणार नाहीत अशी लांब बांधा, वासरू गाईजवळ सोडू नका आणि पुढच्या धारेआधी कास स्वच्छ धुवा. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करा. उरलेले पाणी ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि मग आणखी एकदा. आपल्याकडची नेहमीची गोचीड जनावरावर सुमारे तीन आठवडे काढते. तिचे पोट भरून ती गळण्याआधीच दुसरा फवारा बसला पाहिजे.

'कडक नको' म्हणून मात्रा अर्धी करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अर्धमेल्या गोचिड्या वाचतात आणि त्यांच्या पिढ्यांना औषध चढेनासे होते. गुण येईना तर औषधाचा गट बदला. डेल्टामेथ्रिनऐवजी सायपरमेथ्रिन हा बदल नव्हे, दोन्ही एकाच गटातली. 12.5 टक्के अमिट्राझ, लिटरमागे 2 मिली, हा खरा बदल. पण घोड्यांना ते कधीच नको. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दुभत्या जनावराला स्वतःहून देऊ नका, औषध दुधात उतरते.

संकरित गाईला जोराचा ताप येऊन खांद्यापुढची गाठ सुजली, किंवा लघवी कॉफीसारखी झाली, तर फवारणी बाजूला ठेवा. हे गोचिडीतून पसरणारे थायलेरिया किंवा बबेसिया हे रोग असू शकतात. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.