आर्थर व्हार्टनची कारकीर्द नीट कशी वाचायची

पहिला ब्लॅक प्रोफेशनल फुटबॉलर म्हणून गोलकीपर आर्थर व्हार्टनचं नाव सगळीकडे येतं, पण त्याचे आकडे उघडून बघितले की लोक हिरमुसतात, इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या गटात, जेमतेम हजेरी, मग एवढं कौतुक कशाचं असं वाटतं. आकडे वाचायची पद्धत चुकते म्हणून असं होतं.

आधी 'पहिला' म्हणजे नक्की कशात पहिला ते बघा. अँड्र्यू वॉटसन हाही ब्लॅक खेळाडू आणि व्हार्टनच्याही आधीचा, 1881 मध्ये तो स्कॉटलंडचा कॅप्टन होता आणि त्यांनी इंग्लंडला लंडनमध्ये जाऊन 6-1 असं धुतलं, पण तेव्हा तो हौशी खेळाडू होता. इंग्लंडमध्ये खेळायचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली 1885 ला, आणि व्हार्टन रॉदरहॅम टाउनकडून पगारी झाला 1889 मध्ये. दोघांचा मान वेगळा आहे, एकाला वर चढवायला दुसऱ्याला पुसून टाकायची काहीच गरज नाही.

मग एक साधा तक्ता करा, सीझन, क्लब, स्पर्धा कुठली आणि पैसे मिळत होते का. यातला स्पर्धेचा कॉलम अजिबात गाळू नका, सगळी गंमत तिथेच आहे. फुटबॉल लीग सुरूच झाली 1888 ला, 12 क्लब घेऊन. व्हार्टन प्रेस्टन क्लबकडून एफए कपच्या (लीगपेक्षा वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) सेमीफायनलपर्यंत गेला तो 1886-87 चा सीझन, म्हणजे लीगच्या आकड्यांत ते दिसणारच नाही! रॉदरहॅमही 1893 पर्यंत लीगच्या बाहेर होतं, त्यामुळे त्याची तिथली बरीचशी वर्षं आकड्यांतून गायब. 1894 ला तो शेफील्ड युनायटेडला गेला, तिथे गोलमध्ये अवाढव्य विल्यम फोक उभा, त्याच्यापुढे चान्स मिळणार कितीसा, तरी फेब्रुवारी 1895 मध्ये संडरलँडविरुद्ध तो फर्स्ट डिव्हिजनमध्ये उतरलाच.

खेळ समजून घ्यायचा तर त्या काळाचे नियम हाताशी ठेवा. 1912 पर्यंत गोलकीपरला स्वतःच्या अख्ख्या हाफमध्ये बॉल हाताने खेळता यायचा आणि समोरचे फॉरवर्ड खांद्याने धडक देऊन त्याला बॉलसकट गोलमध्ये ढकलू शकायचे. अशा वेळी बॉल धरून ठेवण्यापेक्षा ठोसा मारून लांब पाठवणं शहाणपणाचं, आणि त्यात व्हार्टन वस्ताद. वेग तर विचारूच नका, जुलै 1886 मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर त्याने 100 यार्ड 10 सेकंदांत पळून राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती.

आठवणी वाचताना त्या कधी लिहिल्यात ते तपासा. शेफील्डच्या पेपरात 1942 मध्ये एका जुन्या प्रेक्षकाचं पत्र आलं होतं, की व्हार्टनने उडी मारून क्रॉसबार पकडला, बॉल दोन्ही पायांत अडकवला आणि अंगावर धावून आलेले तीन फॉरवर्ड थेट जाळ्यात जाऊन पडले. इतक्या वर्षांनंतरची आठवण आहे, बारीकसारीक तपशील इकडे तिकडे झाला असेल, पण बघणाऱ्याच्या डोक्यात तो माणूस असा ठाण मांडून बसला होता हे तर कळतंच ना. पेपरातल्या टीकेचंही तसंच, त्याच्या अशा कसरतींवर लिहिताना रंगावरून शेरे मारलेले सापडतात, ते 'मत' म्हणून तक्त्यात घेऊ नका, त्याला काय सोसून खेळावं लागलं याचा पुरावा म्हणून वेगळे ठेवा.

आणि 1902 ला स्टॉकपोर्ट क्लबमध्ये त्याचा खेळ संपला म्हणून थांबू नका. पुढे तो कोळशाच्या खाणीत कामाला होता, 1930 मध्ये एडलिंग्टनला वारला, कबरीवर नावाचा दगड लागला थेट 1997 मध्ये. एवढी वर्षं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

पद्धत जमली की वॉल्टर टल या नंतरच्या ब्लॅक फुटबॉलरवर वापरून बघा. टॉटनहॅमकडून लीगच्या 10 मॅच एवढंच वर वर दिसतं, पण नंतर नॉर्थॅम्प्टनसाठी तो शंभराहून जास्त मॅच खेळला, आणि नॉर्थॅम्प्टन तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगच्या बाहेर होतं, म्हणून त्या मॅच लीगच्या आकड्यांत दिसत नाहीत.